साकीनाक्याचा गांधार

आमच्या घरात खरखर हा कायम दुरुस्तीचा विषय होता. रेडिओ खरखरला की वडील काटा इकडेतिकडे सरकवत बसायचे. कार्यक्रमात माइक खरखरला की गाणं थांबवून वायर बदलली जायची. गळा खरखरला तर गुरुजी तंबोरा खाली ठेवायला लावायचे. अशा संस्कारात वाढलेल्या बाईला पन्नाशीत कळलं, की गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी धातूची डबी मिळते, ती माणसं एकेक करून हाताने बनवतात आणि वाजवणारे तिच्यासाठी वीस-वीस हजार रुपये हौसेने मोजतात. मी चक्रावून गेले. त्यानंतर जे ऐकायला मिळालं ते लिहायलाच हवं असं वाटतं, कारण ते थेट माझ्या गाण्याला येऊन भिडलं.

त्या डबीला पेडल म्हणतात. मुलुंडला माझा भाचा आमच्याच इमारतीत राहतो. त्याच्या खोलीत जमिनीवर एक फळी असते आणि फळीवर अशा डब्या ओळीने बसवलेल्या असतात. गिटारची वायर एका बाजूने आत शिरते, दुसऱ्या बाजूने अँप्लिफायरकडे जाते, आणि वाटेत प्रत्येक डबी सुरावर आपापलं काम करते. चालू-बंद पायाने करायचं, कारण दोन्ही हात वाद्यावर गुंतलेले असतात. डिले आवाज थोड्या वेळाने परत ऐकवते, रिव्हर्ब मोठ्या सभागृहात बसल्याचा भास देते. इथवर मला समजत होतं. पुढे तीन डब्या होत्या: ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ. तिन्ही चांगला आवाज बिघडवतात, यापलीकडे मला काही कळेना.

"मावशी, तिघींचं फाडणं वेगळं आहे," भाचा म्हणाला आणि एकामागून एक लावून दाखवल्या. फरक ऐकू येत होता. त्या फरकावर माणसं रात्र-रात्र बोलतात, ते का, हे मात्र उमजत नव्हतं.

त्यातली एक डबी मुंबईत बनलेली आहे हे ऐकून मी आणखी गोंधळले. ॲनिमल फॅक्टरी अँप्लिफिकेशन ही आदित्य नंदवाना यांनी मुंबईत उभी केलेली कंपनी. बॅरन सामदी, पिट व्हायपर, केमिकल बर्न, गॉडईटर अशी तिच्या पेडलांची नावं, आणि परदेशातले वादकही ती मागवतात. आपल्याकडे विजेची वाद्यं बाहेरून येतात आणि बाहेरच दुरुस्त होतात अशी माझी समजूत होती. ज्या शहरात मी जन्म काढला, तिथून जगाला खरखर निर्यात होते याचा मला पत्ताच नव्हता.

भाच्याच्या ओळखीचा एक तरुण साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत लहानसा गाळा घेऊन पेडलं बनवतो. "तू नुसती ऐकू नकोस, एक बनवून बघ," असं म्हणून भाच्याने मला तिकडे नेलं. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो. ही वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 साली सुरू झाली, त्याआधी हाच प्रवास म्हणजे अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची परीक्षा होती. साकीनाक्याला उतरलं की चहूकडे पत्रा कापण्याचा, लेथचा, टेम्पोच्या हॉर्नचा आवाज. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गाळ्यात मात्र टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता होती. एका टेबलावर ॲल्युमिनियमच्या ओतीव डब्या, दुसऱ्यावर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये गव्हाएवढे आणि ज्वारीएवढे सुटे भाग.

टेबलाशी एक साठीच्या काकू बसल्या होत्या. तरुणपणी त्या सीप्झमध्ये होत्या. अंधेरीचं हे निर्यात क्षेत्र 1973 साली सुरू झालं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या तिथल्या कारखान्यांत बारीक जुळणीच्या कामाला बायकांचे हात बसले. त्या पिढीचं कसब मी तिथे पाहिलं. काकूंनी सोल्डरिंगची तापलेली सुई हातात दिली आणि म्हणाल्या, "ताई, आधी तांबं तापवा, मग शिसं लावा. शिसं सुईला दाखवू नका, तांब्याला दाखवा." नीट बसलेला डाख चकचकतो आणि कडेला उतरता होत जातो. थंड पडलेला डाख मंद दिसतो, आणि वर्षभराने मैफलीच्या मध्यावर दगा देतो. काकू प्रत्येक डाख भिंगाखाली बघत. पेडलची किंमत कुठून येते याचं पहिलं उत्तर मला त्या भिंगात मिळालं.

दुसरं उत्तर ट्रान्झिस्टरच्या ट्रेमध्ये होतं. मला जी पेडल बनवायची होती ती म्हणजे फझ, लंडनमध्ये 1966 साली बाजारात आलेल्या फझ फेसच्या घराण्यातला. त्याच्या मंडलात डझनभरही भाग नसतात: दोन ट्रान्झिस्टर, काही रेझिस्टर, काही कपॅसिटर, दोन नॉब. एवढ्याशा साहित्यात कसली कारागिरी, असं वाटलं. पण एकाच कारखान्याचे, एकाच नंबरचे दोन ट्रान्झिस्टर सारखे नसतात. त्या तरुणाने मीटरला लावून एकेक मोजून दाखवला: हा सिग्नल सत्तरपट वाढवतो, हा शंभरपट, हा दीडशेपट. पहिल्या जागी कमी वाढवणारा, दुसऱ्या जागी जास्त वाढवणारा अशी जोडी जमवायची, आणि मीटरने हो म्हटल्यावरही कानाने ऐकून मगच ती कायम करायची. मूळचे फझ जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरचे होते. जर्मेनियम उष्णतेला फार हळवं असतं. गरम झालं की त्यातून नको तेवढी वीज झिरपते आणि आवाज बसतो. लंडनच्या थंडीत सुरेल वाजणारी पेडल मे महिन्यात अंधेरीच्या मंचावर दिव्यांखाली गळून जाऊ शकते. म्हणून इथे तो तरुण बहुधा सिलिकॉन वापरतो, आणि जर्मेनियमचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट आधी सांगतो.

सुटे भाग आणायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. आता त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण विचारताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. तिथे काउंटरवर उभं राहून पाव वॅटचे रेझिस्टर मागताना पट्ट्यांचे रंग ओळखायला शिकले: तपकिरी, काळा, लाल. पायाने दाबायचा नऊ टोकांचा स्विच मात्र बाहेरून मागवावा लागतो. त्याच्यावर हजारो वेळा माणसाचं वजन पडणार असतं, त्यामुळे तिथे काटकसर करता येत नाही.

काम चालू असताना तो तरुण जुन्या गोष्टी सांगायचा, आणि त्यांतल्या दोन माझ्या मनात घर करून राहिल्या. पहिली अमेरिकेतल्या नॅशव्हिलची. मार्टी रॉबिन्स नावाच्या गायकाचं एक गाणं 1961 साली प्रसिद्ध झालं. ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्राच्या एका भागात बिघाड झाला आणि त्यातून जाणारी बास गिटार फाटक्या आवाजात वाजली. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो आवाज पुसला नाही. उलट तोच बिघाड हुकमी कसा घडवता येईल याचा शोध घेतला, आणि 1962 साली मेस्ट्रो फझ-टोन ही डबी विक्रीला आली. तेव्हा तिची जाहिरात कशी केली, तर ही लावली की गिटारमधून तुतारीसारखे, चेलोसारखे सूर निघतील. लोकांनी फारशी मनावर घेतली नाही. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडच्या कीथ रिचर्ड्सने ती 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात वापरली आणि मग तिला मागणी पुरवता येईना. मला यात स्नॉडी फार मोठा वाटतो. नको असलेल्या आवाजात काहीतरी आहे हे ज्याला ऐकू आलं, तो कान साधा नव्हे.

दुसरी गोष्ट क्लॉन सेंटॉर या पेडलची. बॉस्टनजवळ बिल फिनेगन यांनी 1994 पासून ती बनवली, जवळजवळ एकट्याने, सुमारे आठ हजार. आतलं मंडल कुणी उतरवून घेऊ नये म्हणून त्यावर काळं रेझिन ओतून ते बंद केलं. आज मूळ सेंटॉरला लाखो रुपये पडतात. हे ऐकून मी विचारलं, "एवढं काय असतं त्यात?" तो म्हणाला, "ताई, ते मोजता येतं. रेझिन काढून लोकांनी मोजलंही. पण बनवणारा कशावर थांबला, ते त्या काळ्या रेझिनखाली नव्हतं."

माझी डबी पूर्ण झाली, काकूंनी भिंगाखालून पसंत केली, आणि वायर लावून तरुणाने गिटार माझ्या हातात दिली. गिटार मला तोवर जेमतेम येत होती. भाच्याने मुळाक्षरं शिकवली होती तेवढीच. मी पाचवी तार मोकळी छेडली. ती 110 कंपनांची, म्हणजे आपल्याकडच्या पांढरी सहाच्या घरातली, खालच्या सप्तकातली. फझ चालू होता. आवाज जाडजूड, दाणेदार, आणि संपेचना. मी तिला षड्ज मानून ऐकत राहिले. आणि मग त्या सुराच्या आत, वर, मला पंचम ऐकू आला. आणखी थोडं ऐकलं, तर त्याच्याही वर गांधार.

तंबोऱ्यासमोर बसलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. खर्जाची तार छेडली, तंबोरा नीट मिळालेला असला, की कुणीही न लावलेला गांधार आपोआप बोलू लागतो. त्याला आम्ही स्वयंभू गांधार म्हणतो. गुरुजी तो ऐकू येईपर्यंत गायला तोंड उघडू देत नसत. तोच गांधार साकीनाक्याच्या गाळ्यात, दोन ट्रान्झिस्टरच्या डबीतून, खरखरीच्या मधोमध उभा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तरुणाला वाटलं आवाज फार मोठा झाला, त्याने नॉब कमी केला. मी म्हटलं, "नको, राहू दे."

मग त्याने कागदावर लाट काढून समजावलं. गिटारच्या तारेची लाट गोलसर असते. फझ ती इतकी मोठी करतो की ती ट्रान्झिस्टरच्या छताला आणि जमिनीला लागते आणि तिचे माथे सपाट होतात. लाटेचा आकार बदलला की तिच्यातले उपस्वर बदलतात. माथे दोन्ही बाजूंनी सारखे छाटले तर मूळ कंपनांच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशी विषम पटीतली कंपनं बळावतात. एका बाजूने जास्त छाटले तर दुप्पट, चौपटही येतात. ओव्हरड्राइव्हमध्ये ही छाटणी मऊ असते, फझमध्ये कडक. तिघींचं फाडणं वेगळं असतं ते असं. आणि षड्जाच्या तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गांधार. माझ्या 110 च्या तारेवर 330 आणि 550.

तंबोऱ्यात हे काम जवारी करते. घोडीचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो, आणि तार अन् घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवतात. तार कंप पावताना घोडीला निसटती स्पर्शत राहते, आणि त्या घासण्यातून उपस्वर फुलतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोऱ्यावर आणि वीणेवर निबंध लिहिला तो यासाठीच. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू असतो, तो उपस्वर उमटता कामा नये असं जुना नियम सांगत होता, आणि तंबोऱ्यात तो उमटत होता. घोडीच्या त्या वक्र माथ्याने नियमाला वळसा घातला होता. म्हणजे आयुष्यभर जो स्वच्छ सूर मी गुरुस्थानी मानला, तोही तारेच्या घासण्यातून जन्मलेला आहे. जवारी नसलेला तंबोरा अगदी नितळ वाजतो आणि त्याच्यासोबत गावंसं वाटत नाही, हे प्रत्येक गायकाला ठाऊक असतं. हे ठाऊक असूनही या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नव्हत्या.

पण दोन्ही अगदी एकच आहेत असंही नाही, आणि खरी गंमत त्या फरकात आहे. मी पाचव्या तारेच्या षड्जाबरोबर चौथ्या तारेवरचा पंचम वाजवला. रॉकवाले याला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि अख्खी गाणी त्यावर उभी करतात. खोली भरून गेली, आणि दोन्ही सुरांच्या खाली आणखी एक षड्ज ऐकू आला, जो कुणी वाजवलाच नव्हता. 165 वजा 110, म्हणजे 55. फझ दोन सूर एकत्र पिळतो तेव्हा त्यांच्या फरकाचा सूरही निर्माण करतो, आणि षड्ज-पंचमाच्या बाबतीत हा फरकाचा सूर नेमका खर्जाचा षड्ज येतो. पंचमातला तंबोरा लावणाऱ्या आमच्या पूर्वजांना आणि या मुलांना एकाच जोडीची ओढ का असावी, याचं उत्तर मला तिथे कानाने मिळालं.

मग मी पंचम सोडून दुसऱ्या तारेवरचा गांधार लावला. साधी जोडी, सा आणि ग. फझमध्ये ती भांडू लागली. एका सेकंदात चारेक हेलकावे, दात शिवशिवावेत असे. फझ बंद केला तर जोडी ठीक वाटे, चालू केला की पुन्हा तेच. भाचा म्हणाला, "फझवर थर्ड वाजवत नाहीत मावशी, चिखल होतो." सगळे असंच सांगतात म्हणे. मला ते पटेना, कारण माझ्या कानाला तो गांधार चढा लागत होता. हार्मोनियमचा गांधार चढा असतो ही तक्रार आमच्याकडे जुनी आहे. आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हाच्या वादातही पेटीच्या ठरावीक पट्ट्यांवरचा राग होता. गिटारचे पडदेही तसेच, बारा समान भागांत कापलेले. हिशेब केला तर पडद्यावरचा गांधार 277 च्या थोडा वर, त्याची दुप्पट 554. आणि षड्जाच्या तारेतून फझने काढलेला स्वयंभू गांधार 550. दोन गांधार एकाच वेळी बोलत होते, सेकंदाला चार हेलकाव्यांच्या अंतराने. तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी वेगळी असते, इथे सगळ्या तारा एकाच डबीतून जातात, म्हणून तंटा उघडा पडतो.

मी दुसऱ्या तारेची खुंटी किंचित ढिली केली, अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या भागाइतकी. हेलकावे मंदावले, मंदावले, आणि थांबले. सा आणि ग, भर फझमध्ये, स्थिर. भाच्याने गिटार माझ्या हातून घेऊन स्वतः वाजवून पाहिली. तरुण म्हणाला, "ताई, पण आता या तारेवरचे बाकीचे सूर उतरले." खरंच आहे ते. एक सूर खरा करायला गेलं की पडद्याच्या वाद्यात दुसरे हलतात, त्याला इलाज नाही. पण आळवायचा तो राग ठरवून तार मिळवायची ही आमची रोजची सवय आहे, त्यात मला अडचण वाटली नाही.

त्या दिवसापासून मी फझ शिकते आहे. शिकते आहे असंच म्हणायला हवं, कारण तो नुसता चालू करायचा नसतो. या घराण्यातला फझ गिटारच्या आवाजाचा नॉब खाली आणला की स्वच्छ होत जातो आणि वर नेला की गर्जतो. त्यासाठी तो ओळीत सर्वांत आधी, गिटारला थेट लागून हवा. मध्ये दुसरी डबी आली तर तो कर्कश होतो, वादकाचा हात त्याला कळेनासा होतो. करंगळीने तो नॉब फिरवत एकाच सुरावर राहायचं, आकार लावताना आवाज उघडतो-मिटतो तसं. यमनचा गांधार मी आता यावर घोटते. शेजारच्या बाईंना आधी वाटलं मिक्सर बिघडला आहे. परवा त्या दारात थांबून म्हणाल्या, आज छान वाजत होतं.

आता माझ्या डोक्यात मिरज आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यं घडवायला घेतली, आणि तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी काढणारा कारागीर कानशीने घोडी घासतो, तार लावतो, ऐकतो, पुन्हा घासतो. साकीनाक्याचा तरुण ट्रान्झिस्टर बसवतो, ऐकतो, काढतो, दुसरा बसवतो. या दोघांनी एकमेकांचं काम एकदा तरी बघितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मी दोन्हीकडे बोलले आहे. पावसात लाकूड फुगतं, म्हणून पाऊस सरल्यावर जायचं ठरलं आहे. तरुणाने बॅटरीवर चालणारा छोटा अँप, माझा फझ आणि मोकळ्या ट्रान्झिस्टरची एक डबी बाजूला काढून ठेवली आहे. काकूंनाही यायचं आहे, भिंग घेऊन. घोडीचा माथा भिंगाखाली कसा दिसतो ते त्यांना बघायचं आहे. आणि मला त्या कारागिराला फझमधून एक मोकळी तार ऐकवून विचारायचं आहे, की ही जवारी खुली आहे की बंद, आणि तो असता तर त्याने अजून किती घासली असती.